नेट मधेच जातं आणि माणूस आला की चालू असतं? मग नोंद अशी ठेवा

आमच्याकडे कंपनीचा माणूस तीनदा येऊन गेला. तिन्ही वेळा सकाळी साडेदहा-अकराला आला, तिन्ही वेळा नेट मस्त चालू होतं, त्याने मोबाइलवर स्पीड टेस्ट मारली, आकडा माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "बेन, चाले तो छे!" आणि खरंच चालत होतं हो त्या वेळी, तो काही खोटं बोलत नव्हता. मग दुपारी दीड वाजता मी ऑफिसच्या कॉलवर असताना पुन्हा सगळं गप्प, डब्यावर (म्हणजे कंपनीने घरात बसवलेल्या राउटरवर) लाल दिवा, चार मिनिटं, सहा मिनिटं, आणि मग आपोआप परत. आई तेवढ्यात पुण्याला नातवाशी व्हिडिओवर बोलत असेल तर तिचाही कॉल तुटायचा आणि तिला वाटायचं तिनेच काहीतरी चुकीचं दाबलं. हे मला फार लागायचं.

आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो, जुना वाडा पाडून बांधलेली बिल्डिंग, तिसरा मजला. चौथ्या वेळी तक्रार करायच्या आधी मी दहा दिवस नीट नोंद ठेवली आणि त्या नोंदीनेच काम झालं, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. लाइन पूर्ण बंद पडली तर ती दुरुस्त करणं त्या माणसाला सोपं असतं, बंद आहे हे त्याला समोर दिसतं. मधूनमधून जाणारी लाइन मात्र तो येतो तेव्हा चांगलीच असते, काल दुपारी काय झालं ते बघायला त्याच्याकडे काही साधन नसतं. काल दुपार आपण त्याच्या हातात द्यायची, कागदावर. एवढंच करायचंय, पण ते व्यवस्थित करायचंय.

आधी आपलं घर तपासा, प्रामाणिकपणे

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि हेच लोक गाळतात. कंपनीचा पहिला प्रश्न असतो "वायफायचा प्रॉब्लेम असेल", आणि खरं सांगायचं तर बऱ्याच घरात तो वायफायचाच असतो. जाड भिंती, डबा टीव्हीच्या मागे कोंबलेला, शेजारच्या आठ घरांचे वायफाय एकाच चॅनलवर, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मायक्रोवेव्ह ओव्हन चालू झाला की तोही मधे ढवळाढवळ करतो. म्हणून चाचणीसाठी लॅपटॉप लॅन केबलने थेट डब्याला जोडा. पाच-दहा मीटरची केबल रावपुऱ्यात कुठल्याही कम्प्युटरच्या दुकानात मिळते. केबल लावून नेट जात नसेल आणि वायफायवर जात असेल तर दोष घरातलाच आहे, डब्याची जागा बदला, चॅनल १, ६ किंवा ११ पैकी कमी गर्दीचा घ्या, जवळच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झ वापरा, तक्रारीची गरजच नाही.

नवीन लॅपटॉपला लॅनचं भोक नसतं, मग यूएसबीला लावायचा अडॅप्टर घ्यावा लागेल, नाहीतर कुणाचा जुना लॅपटॉप दहा दिवस मागून आणा. मी भावाचा जुना आणला, बॅटरी अर्धीच चालायची पण काम झालं.

दुसरी गोष्ट वीज. लाइट क्षणभर लपकली, इन्व्हर्टरवर गेली आणि आली, की डबा रीस्टार्ट होतो आणि पुन्हा नेट धरायला दोन-तीन मिनिटं घेतो, आपल्याला वाटतं नेट गेलं. डब्याचा काळा अडॅप्टर जुना झाला की तोही असंच करतो, खूप गरम होतो, पिन हलवली की डबा बंद-चालू होतो. हे कसं ओळखायचं ते पुढे सांगते, डब्यातच त्याचा पुरावा असतो. राउटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो लावला तर विजेची शंका कायमची मिटते, पण घेण्याआधी डब्यावर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते वाचून घ्या.

आणि दोन गोष्टी अजिबात करू नका. डबा फॅक्टरी रीसेट करू नका, त्यात कंपनीने टाकलेलं युजरनेम आणि सेटिंग पुसलं जातं आणि मग खरोखरच नेट बंद होतं. आणि फायबरची बारीक पिवळी किंवा काळी वायर डब्यातून काढून तिच्या टोकात डोळा घालून बघू नका, आतला प्रकाश डोळ्याला दिसत नाही पण लेझर असतो. घरात मुलं असतील तर त्यांनाही सांगून ठेवा.

नेट "गेलं" म्हणजे नक्की काय गेलं

कस्टमर केअरला "नेट स्लो आहे" म्हटलं की तक्रार वेगळ्याच खणात जाते, ते स्पीड टेस्ट करायला सांगतात आणि मोठा प्लॅन घ्या म्हणतात. आपली तक्रार वेगाची नाहीये, जोडणी तुटण्याची आहे. स्पीड टेस्टचे पन्नास स्क्रीनशॉट जमवले तरी त्यातून तुटणं सिद्ध होत नाही, कारण टेस्ट आपण नेट चालू असतानाच करतो.

गेल्यावर तीन प्रकार वेगळे करायचे. एक, डब्यावर लाल दिवा पेटला, त्याच्याखाली बहुतेक डब्यांवर एलओएस लिहिलेलं असतं, म्हणजे फायबरमधून उजेडच येत नाहीये. दोन, लाल दिवा नाही पण पॉनचा, म्हणजे फायबरवरून कंपनीशी जोडणी झाल्याचा, हिरवा दिवा लुकलुकतोय किंवा इंटरनेटचा दिवा विझलाय, म्हणजे उजेड येतोय पण पलीकडच्या मशीनशी जोडणी होत नाही किंवा लॉगिन तुटलंय. तीन, सगळे दिवे नेहमीसारखे, तरी काही उघडत नाही. या तिसऱ्यात पुन्हा एक गंमत आहे, व्हॉट्सॲप कॉल चालू राहतो पण वेबसाइट उघडत नाही असं असेल तर तो डीएनएसचा घोळ असू शकतो, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा अडलीय, लाइन ठीक आहे. डीएनएस बदलून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाकून बघा, त्याने सुटलं तर छान.

आमचा पहिला प्रकार होता, लाल दिवा. पण मला हे कळायलाच महिना गेला कारण डबा बाहेरच्या खोलीत, मी आतल्या खोलीत, मी उठून जाईपर्यंत दिवा हिरवा झालेला असायचा. म्हणून बाबांना सांगितलं, ते बाहेरच बसतात, की लाल दिसला की लगेच घड्याळाची वेळ बघून हाक मारा. त्यांनी ते काम इतकं मनापासून केलं की दुपारची झोपसुद्धा सोफ्यावर घ्यायला लागले.

पिंग लावून ठेवणं

हे ऐकायला अवघड वाटतं पण आहे सोपं. पिंग म्हणजे आपला लॅपटॉप दर सेकंदाला एखाद्या पत्त्याला हाक मारतो आणि ओ आली का, किती मिलिसेकंदात आली, ते लिहितो. विंडोजमध्ये स्टार्ट दाबून सीएमडी शोधा, काळी खिडकी उघडते, त्यात इंग्रजीत पिंग लिहा, एक जागा सोडा, पत्ता लिहा, परत एक जागा सोडून डॅश आणि टी लिहा आणि एंटर. डॅश टी म्हणजे थांबवेपर्यंत चालू राहा. आकडेही इंग्रजीतलेच टाइप करायचे हे सांगायला नको. थांबवायला कंट्रोल आणि सी, मग खाली एकूण किती पाठवले, किती हरवले, तो हिशोब येतो.

आता महत्त्वाचं म्हणजे अशा तीन खिडक्या उघडायच्या, तीन वेगळ्या पत्त्यांना.

पहिली खिडकी घरच्या डब्याला. बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ असतो, डब्याच्या पोटाला चिकटवलेल्या स्टिकरवर असतोच. दुसरी खिडकी कंपनीच्या पहिल्या मशीनला. तो पत्ता शोधायला त्याच काळ्या खिडकीत ट्रेसर्ट (tracert) लिहून जागा सोडून ८.८.८.८ द्या, एकेक ओळ येईल, पहिली ओळ आपला डबा, दुसरी किंवा तिसरी ओळ कंपनीची. तिथे कधी १०० पासून सुरू होणारा पत्ता दिसेल, कधी १० पासून, घाबरायचं कारण नाही, कंपन्या आतल्या जाळ्यात असे पत्ते वापरतात. तिसरी खिडकी बाहेरच्या जगाला, ८.८.८.८.

नेट गेलं की तिन्ही खिडक्या बघा. डब्याच्या खिडकीत ओ येतेय आणि बाकी दोन्ही बंद पडल्या, तर घरातली बाजू साफ आहे, दोष डब्याच्या पलीकडे आहे (डबा स्वतः खराब असू शकतो, पण तोही बहुधा कंपनीचाच असतो). डब्याचीच ओ बंद झाली तर केबल, डबा किंवा वीज. पहिल्या दोन चालू आणि फक्त तिसरी बंद, तर कंपनीच्या पुढच्या जाळ्यात काहीतरी आहे, घरी माणूस पाठवून उपयोग नाही, तक्रारीत तसंच लिहा. मधल्या मशीनबद्दल एक सावधगिरी ठेवा, काही मशीन पिंगला उत्तर द्यायला मुद्दामच टाळाटाळ करतात, दुसऱ्या खिडकीत हरवलेले दिसतात आणि तिसरी मात्र व्यवस्थित चालते, तर ते नेट जाणं नाही. ते नोंदीत घातलंत आणि समोरचा जाणकार निघाला तर तुमच्या बाकीच्या खऱ्या नोंदींवरही त्याचा विश्वास राहत नाही.

खिडकीत येणारी वाक्यंही वेगवेगळी असतात, ती वाचा. "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" म्हणजे हाक गेली, ओ आली नाही. बाहेरचा पत्ता विचारला आणि आपल्याच डब्याच्या पत्त्यावरून "डेस्टिनेशन नेट अनरीचेबल" असं उत्तर आलं, तर डबा स्वतःच सांगतोय की माझ्याकडे बाहेर जायला रस्ता नाही, त्याचा फोटो नक्की काढा. "जनरल फेल्युअर" आलं तर बहुधा लॅपटॉपचीच जोडणी सुटलीय, केबल बघा. आणि विंडोज एका हरवलेल्या हाकेसाठी चार सेकंद थांबतो, त्यामुळे दहा टाइम्ड आउट ओळी म्हणजे दहा सेकंद नव्हेत, पाऊण मिनिटाच्या आसपास. ओळी मोजून वेळ काढू नका, घड्याळ बघा.

विंडोजच्या साध्या पिंगमध्ये ओळीपुढे वेळ छापली जात नाही ही मोठी अडचण. त्यासाठी पिंगप्लॉटर नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्याची फुकट आवृत्तीही आहे, आलेख काढतं आणि जिथे तुटलं तिथे लाल पट्टा येतो, खाली वेळ असते. लिनक्स असेल तर पिंगला मोठा डी लावला की प्रत्येक ओळीपुढे वेळ येते, पण ती १९७० पासूनच्या सेकंदांत येते, ती घड्याळाच्या वेळेत बदलून घ्यावी लागते. यातलं काहीच जमत नसेल तर नेट गेलं की मोबाइलने फोटो काढा, काळी खिडकी आणि लॅपटॉपच्या कोपऱ्यातलं घड्याळ दोन्ही एका फोटोत येईल असा. मी अर्धे पुरावे तसेच जमवले.

लॅपटॉप झोपू देऊ नका. सेटिंगमध्ये स्लीप बंद करा, नाहीतर लॅपटॉप झोपला तेवढा वेळही नेट गेल्यासारखा दिसतो. आणि चाचणी चालू असताना कुणी मोठी फाइल वर चढवत असेल, फोटोंचा बॅकअप वगैरे, तर पिंगचा आकडा २० वरून ३०० वर जातो, तो दोष लाइनचा नाही, ते वहीत वेगळं लिहा.

डब्याच्या पोटातला आकडा

फायबर असलेल्यांसाठी हा भाग सगळ्यात मोलाचा आहे, आणि हाच कुणी सांगत नाही. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका, स्टिकरवरचं युजरनेम-पासवर्ड टाका, आत स्टेटस किंवा डिव्हाइस इन्फो असं पान असतं, त्यात पॉन किंवा ऑप्टिकल नावाचा भाग शोधा. तिथे आरएक्स पॉवर लिहिलेली असते, उणे आकड्यात, डीबीएममध्ये. म्हणजे आपल्यापर्यंत किती उजेड पोचतोय.

उणे असल्यामुळे गोंधळ होतो, -२० चांगलं, -२५ जरा कमी, -२७ ते -२८ म्हणजे बहुतेक डब्यांची हद्द, त्याच्या पलीकडे डबा सिग्नल सोडून देतो आणि लाल दिवा पेटतो. आणि ३ डीबी कमी होणं म्हणजे उजेड निम्मा होणं. -२२ वरून -२८ वर गेलं तर बघायला सहाचाच फरक, पण उजेड पावपट उरला. हे समजलं की तंत्रज्ञाशी बोलणं एकदम बदलतं, कारण तेही याच भाषेत बोलतात, "पॉवर किती येतो?" हाच त्यांचा पहिला प्रश्न असतो.

मी दिवसातून पाचदा हा आकडा लिहायला लागले, सकाळी सात, अकरा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा, आणि तिसऱ्याच दिवशी मला सगळं दिसलं. सकाळी -२३.५, अकराला -२४, दुपारी दोनला -२७.६, रात्री परत -२३.८. मे महिना होता, बडोद्याचं ऊन तुम्हाला माहितीय, ४२-४३ अंशांपर्यंत जातं. कंपनीचा माणूस सकाळी येत होता आणि दोष दुपारी येत होता! गच्चीवरचा डबा, म्हणजे जिथून कंपनीची वायर आमच्या घरात येते तो, पश्चिमेच्या भिंतीला आहे, ऊन तिथे दुपारनंतर थेट.

त्याच पानावर किंवा शेजारच्या पानावर अपटाइम असतो, म्हणजे किती वेळ सलग चालू आहे. दोन असतात, एक डब्याचा स्वतःचा, एक जोडणीचा. डबा नऊ दिवस चालू आहे आणि जोडणी फक्त चाळीस मिनिटांची, तर डबा बंद झालाच नाही, बाहेरची लाइन तुटली. दोन्ही चाळीस मिनिटं असतील तर डबाच रीस्टार्ट झालाय, मग वीज, अडॅप्टर किंवा डबा. मघाशी म्हटलं ना विजेचा पुरावा डब्यातच असतो, तो हा. नेट परत आल्या आल्या या पानाचा स्क्रीनशॉट काढा. म्हणूनच नेट गेल्यावर घाईघाईने डबा बंद-चालू करायची सवय दहा दिवसांपुरती सोडा, त्याने दोन्ही घड्याळं शून्यावर येतात आणि कित्येक डब्यांत लॉगही, म्हणजे डब्याने स्वतः ठेवलेली नोंदही, पुसली जाते.

लॉगचं पान असेल तर तेही बघा, पण आधी डब्याची तारीख-वेळ बरोबर आहे का तपासा. पुष्कळ डब्यांत १ जानेवारी १९७० अशी तारीख असते कारण घड्याळ लावलेलंच नसतं. वेळेच्या सेटिंगमध्ये भारताची वेळ, म्हणजे अधिक साडेपाच तास, निवडून ठेवा.

काही डब्यांत कंपनी हे पान झाकून ठेवते, तिथे तुमचा इलाज नाही, तंत्रज्ञाला दाखवायला सांगा, त्याच्या पॉवर मीटरवर तर दिसतंच.

वही

एक्सेल करा, वही करा, काहीही, पण नेट गेलं त्याच वेळी लिहा, रात्री आठवून नाही. माझ्या वहीतल्या दोन नोंदी जशाच्या तशा देते:

"१२ मे, मंगळवार. दुपारी १.४२ ला गेलं, १.४७ ला आलं. लाल दिवा, बाबांनी बघितला. केबलवर होते. डब्याची ओ चालू, कंपनीची आणि बाहेरची बंद. वीज होती. आल्यावर पॉवर -२७.९. डबा ६ दिवस चालू, जोडणी १ मिनिट. खालच्या काकूंचं चालू होतं."

"१३ मे, बुधवार. दिवसभरात दोनदाच. दुपारी ढग होते. पॉवर दोनला -२५.१."

दुसरी नोंद आपल्या विरुद्ध वाटते, वाटतं कशाला लिहायची, पण तीच सगळ्यात कामाची निघाली, ढग आले आणि नेट सुधारलं म्हणजे उन्हाचा संबंध पक्का. चांगले दिवस, चांगले तास, सगळं लिहा.

शेजाऱ्यांचं लिहिणंही विसरू नका. एका स्प्लिटरवरून, म्हणजे एका फायबरचा उजेड अनेक घरांना वाटून देणाऱ्या भागावरून, आठ-आठ घरं जोडलेली असतात. बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मोबाइल डेटा लावून विचारा, "आत्ता कुणाचं गेलं का?" त्याच मिनिटाला त्याच कंपनीचं बाकीच्यांचंही गेलं असेल तर दोष वरच्या लाइनमध्ये, मग सगळ्यांनी मिळून तक्रार करा, जोर येतो. फक्त तुमचंच गेलं तर दोष स्प्लिटरपासून तुमच्या घरापर्यंतच्या तुकड्यात. खालच्या काकूंचं चालू होतं या एका वाक्याने आमचा शोध एका वायरीपुरता आला.

आणि त्या वायरीचा रस्ता स्वतः डोळ्यांनी बघून या. आपल्या गावात उत्तरायण झालं की गच्चीवर, खांबांवर मांजा अडकलेला असतो, १४-१५ जानेवारीला पोरं पतंग ओढताना वायरीही ओढतात. गणपतीत मूर्ती उंच असली की मिरवणुकीत वायरी बांबूने वर उचलतात. फायबरला ओढ आणि तीव्र वळण दोन्ही सोसत नाही, काच आहे ती, वळण जास्त झालं की उजेड बाहेर गळतो. लांबूनच फोटो काढा, हात लावू नका, विजेच्या तारा शेजारीच असतात.

दहा दिवसांचं एक पान

दहा दिवसांची वही कुणी वाचत नाही. तिचं एक पान करायचं. माझ्या पानावर वर ग्राहक क्रमांक आणि पत्ता, मग तीन आधीच्या तक्रारींचे नंबर आणि त्या कधी आणि काय लिहून बंद केल्या ते. मग एक वाक्य: दहा दिवसांत ३१ वेळा जोडणी तुटली, त्यातल्या २६ वेळा दुपारी १२ ते ५ मध्ये, दर वेळी लाल दिवा. मग पॉवरचा तक्ता, रोजची सकाळ आणि रोजची दुपार शेजारीशेजारी. मग घरातलं काय काय तपासलं, लॅन केबल, वीज, अडॅप्टर. शेवटी मागणी: माणूस दुपारी दोननंतर पाठवा, पॉवर मीटर घेऊन, गच्चीवरच्या डब्यात आणि घरात दोन्हीकडे मोजावं. सोबत चार स्क्रीनशॉट, चाळीस नाही.

मागणी नेमकी असणं फार महत्त्वाचं. "लवकर दुरुस्त करा" यावर कुणी काही करू शकत नाही, "दुपारी दोननंतर मोजा" यावर करता येतं.

पान ईमेलने पाठवा, म्हणजे तारखेसह राहतं, आणि मग फोन करा. फोनवर मी सरळ म्हटलं, "मॅडम, दस दिन में इकतीस बार लिंक टूटा है, दोपहर में ऑप्टिकल पावर माइनस अट्ठाईस तक जाता है, विज़िट दो बजे के बाद चाहिए।" पलीकडची मुलगी क्षणभर थांबली आणि तिने टेक्निकल टीमला जोडून दिलं. आवाज चढवावा लागला नाही. त्या मुलीच्या हातात आपली लाइन नसते, तिच्यावर ओरडून आपलंच मन खराब होतं. तक्रारीचा डॉकेट नंबर मागा, तो देणं त्यांना बंधनकारक आहे, वहीत लिहा.

ओटीपीचंही सांगते. तंत्रज्ञ काम झालं की तक्रार बंद करायला ओटीपी मागतो. दोष अधूनमधूनचा असेल तर नम्रपणे सांगा की दोन-तीन दिवस बघून देते. त्याच्यावर लवकर बंद करायचा दबाव असतो हे खरं, पण तक्रार बंद झाली की तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता.

तरीही कुणी ऐकलं नाही तर

दूरसंचार ग्राहकांच्या तक्रारींसाठी ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, २०१२ चे नियम आहेत, त्यात दोन पायऱ्या आहेत. पहिली तक्रार केंद्र, डॉकेट नंबर तिथलाच. तिथे समाधान झालं नाही किंवा मुदतीत काही झालंच नाही तर दुसरी पायरी, कंपनीचंच अपील प्राधिकरण. अपील ३० दिवसांच्या आत करायचं, त्याला पैसे लागत नाहीत, आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. त्याचा ईमेल आणि फोन कंपनीच्या वेबसाइटवर असतो, बहुतेक अगदी तळाशी. तुमचं एक पान इथे जसंच्या तसं जोडा, वेगळं काही लिहायला लागत नाही. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, थेट त्यांना लिहून महिना घालवू नका.

त्याच्या पुढे केंद्र सरकारचं सीपीग्राम्स पोर्टल आहे, दूरसंचार विभाग निवडून तक्रार टाकता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आणि अगदीच वेळ आली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोग, तिथे ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलंय की दूरसंचार सेवेबद्दल ग्राहक आयोगात जाता येतं.

गल्लीतल्या केबलवाल्याकडून नेट घेतलं असेल तर बिलावर परवाना असलेल्या कंपनीचं नाव बघा, अपील त्या कंपनीकडे करायचं. बिलच मिळत नसेल तर आजच मागा, बिलाशिवाय पुढचं सगळं अडतं.

आमच्याकडे काय निघालं

माणूस दुपारी अडीचला आला, तोच, तिसऱ्या वेळचा. घरात मीटर लावला, -२७.८. स्वतःच म्हणाला, "आ तो बहु डाउन छे." मी त्याला पान दिलं, त्याने उभ्या उभ्या वाचलं आणि गच्चीवर गेला. तिथल्या डब्यात स्प्लिटरवर -२१ येत होतं. म्हणजे पंचवीस-तीस मीटरच्या वायरीत जवळजवळ सात डीबी जात होते, एवढ्या वायरीत अर्धा-एक जायला हवा. कठड्याच्या कोपऱ्यावर वायर मांजात गुंतून ताणलेली, अगदी काटकोनात वळलेली, आणि डब्यातलं तिचं फास्ट कनेक्टर, म्हणजे चिकटवण्याऐवजी दाबून बसवलेलं, हाताला चटका बसेल इतकं तापलेलं आणि सैल. त्याने नवीन वायर टाकली, कोपऱ्यावर मोठं वळण देऊन बांधली, कनेक्टर बदललं. घरात -२१.६. वरून खाली आला तेव्हा शर्ट पूर्ण भिजला होता, आईने त्याला ताक दिलं.

मी आणखी आठ दिवस पाच-पाच वेळा आकडा लिहिला, दुपारी दोनलाही २१ च्या आसपासच. नवव्या दिवशी ओटीपी दिला. वही सध्या खालच्या काकूंकडे आहे, त्यांचं आता रात्री नऊनंतर जातंय, दिवे सगळे हिरवे असतात म्हणे, त्यांना कालच दुसऱ्या खिडकीचा पत्ता शोधून दिला.